खानापूरच्या जंगलवाड्या आणि पुढच्या दहा वर्षांची वीज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातले ग्रामपंचायत सदस्य, वनहक्क समित्या आणि वाडीवर जाऊन लोकांना विचारण्याचं काम ज्यांच्याकडे येतं ते अभियंते व कार्यकर्ते यांच्यासाठी आहे. जांबोटी-कणकुंबीचा पट्टा, भीमगड अभयारण्याच्या आतली गावं, लोंढ्याकडचे गवळीवाडे आणि हल्याळच्या बाजूच्या सिद्दी वस्त्या डोळ्यांसमोर ठेवून उत्तरं लिहिली आहेत. शेजारच्या जोयडा तालुक्यालाही यातलं बरंचसं लागू पडतं.

आम्हाला चार खांब आणि एक टीसी (ट्रान्सफॉर्मर) हवी. त्याचा दहा वर्षांच्या आराखड्याशी काय संबंध?

खांब मंजूर होतात ते पैसे आधी कुठल्या तरी कागदावर धरलेले असतात म्हणून. सर्वांत वर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा राष्ट्रीय विद्युत आराखडा. तो वीज कायदा २००३ च्या कलम ३ खाली दर पाच वर्षांनी होतो आणि सध्याचा २०२२ ते २०३२ पर्यंतचा आहे. त्याच्या मसुद्यावर हरकती मागवणं कायद्यातच लिहिलं आहे. जून २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांपासून वितरण कंपन्यांनाही पुढच्या दहा वर्षांच्या मागणीचा अंदाज काढावा लागतो. आपल्याकडे ती कंपनी हेस्कॉम. बेळगावसह सात जिल्हे तिच्याकडे आहेत. हेस्कॉमचा खर्च आणि दर राज्य वीज नियामक आयोग, म्हणजे केईआरसी, तीन-तीन वर्षांसाठी ठरवतं. मार्च २०२५ चा आदेश २०२५-२६ ते २०२७-२८ साठी आहे.

खरी गोम अंदाज काढायच्या पद्धतीत आहे. पुढची मागणी मागच्या वापरावरून काढतात. ज्या वाडीवर मीटरच नाही तिचा मागचा वापर शून्य, म्हणून पुढची मागणीही शून्यच दिसते. पाच वर्षांनी लाईन येते तेव्हा सर्वांत लहान टीसी बसवतात आणि पहिल्याच गणपतीला फ्यूज उडतो. वाडीवर जाऊन विचारणं हा म्हणूनच उपचार नाही. हिशेबात नसलेला आकडा मिळवायचा दुसरा मार्ग नाही.

‘आदिवासी’ म्हणून नेमकं कोणाला विचारायचं? गवळी तर एसटीत नाहीत.

दाखल्यावरून ठरवाल तर निम्मी वस्ती सुटेल. सिद्दी समाज उत्तर कन्नड जिल्ह्यात आधीपासून अनुसूचित जमातीत होता. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्या सिद्दींचा समावेश २०२० च्या दुरुस्तीने झाला. धनगर-गवळी आणि कुणबी यांची मागणी जुनीच आहे, पण ते अजून यादीत नाहीत.

वनहक्क कायदा २००६ दोघांनाही धरतो: अनुसूचित जमाती, आणि १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, जंगलात राहून जंगलावर जगणारे ‘इतर पारंपरिक वननिवासी’. विजेच्या सल्लामसलतीलाही हीच ओळख वापरा. कोण किती वर्षं राहतंय आणि कशावर जगतंय, एवढं पुरे. जात विचारून घरं वगळली की टीसीचं गणित चुकतं आणि वाडीत भांडण लागतं ते वेगळंच.

ग्रामसभेची संमती कायद्याने लागते की नाही?

वाडीपर्यंत येणाऱ्या छोट्या लाईनला लागते. मोठ्या टॉवर लाईनला कागदावर सूट आहे. हा फरक नीट समजून घ्या, कारण दोन्ही बाजूंचे लोक सोयीप्रमाणे अर्धंच सांगतात.

वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये शाळा, अंगणवाडी, पाण्याची टाकी, रस्ता यांच्या जोडीला वीज व दूरसंचार लाईन आणि अपारंपरिक ऊर्जा ही कामंही आहेत. त्यांच्यासाठी एक हेक्टरपर्यंत वनजमीन देता येते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस हवीच. शिफारस नसेल तर प्रस्ताव पुढे सरकत नाही.

दुसरीकडे, केंद्रीय वन मंत्रालयाने ३ ऑगस्ट २००९ च्या परिपत्रकाने वनजमीन वळवण्याआधी ग्रामसभेची संमती मागितली होती. ५ फेब्रुवारी २०१३ च्या पत्राने रस्ते, कालवे, पाइपलाइन, टॉवर लाईन अशा अनेक गावांतून जाणाऱ्या कामांना त्यातून सूट मिळाली. अपवाद अतिअसुरक्षित आदिम जमातींच्या मान्य हक्कांचा. कर्नाटकात अशा दोनच जमाती आहेत, जेनु कुरुब आणि कोरग. बेळगावात दोन्ही नाहीत, त्यामुळे तो अपवाद आपल्या कामाचा नाही. वनहक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे जंगल आणि जलस्रोत राखायचा ग्रामसभेचा अधिकार मात्र शाबूत आहे. दावे निकाली निघाल्याशिवाय कोणाला जमिनीवरून हटवता येत नाही हे कलम ४(५) सुद्धा आहे. टॉवर लाईनविरुद्ध बोलायचं तर ही दोन कलमं धरा. २०१३ च्या पत्राने सुटलेली संमती मागत बसलात तर सुनावणी तिथेच संपते.

पेसा कायद्याचा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींच्या कायद्याचा, दाखला देऊ नका. कर्नाटकात पाचव्या अनुसूचीतलं क्षेत्रच नाही, त्यामुळे तो इथे लागू नाही. आंतरराष्ट्रीय करारांचंही तसंच. भारताने २००७ साली संयुक्त राष्ट्रांच्या मूलनिवासी हक्क जाहीरनाम्याच्या बाजूने मत दिलं, पण आयएलओचा (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा) करार क्रमांक १६९ स्वीकारलेला नाही. निवेदनात उल्लेख करायला हरकत नाही, सगळी भिस्त त्याच्यावर ठेवू नका.

पंचायतीची ग्रामसभा झाली आहे. तीच चालेल ना?

बहुतेक वेळा नाही. कर्नाटकात एका ग्रामपंचायतीत अनेक गावं असतात आणि सभा मोठ्या गावात भरते. वनहक्क कायद्याची ग्रामसभा ही त्या-त्या गावाची. २०१२ च्या नियमांप्रमाणे निम्मे सभासद हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बायका. पंचायतीच्या वहीत वीस सह्या घेऊन आठ वाड्यांचा ठराव दाखवला की प्रस्ताव वन खात्याच्या टेबलावरून परत येतो, आणि यायलाच हवा.

सभा कधी, कुठे आणि कोणत्या भाषेत घ्यायची?

जून ते सप्टेंबर नको. घाटाच्या पट्ट्यात पाऊस उसंत देत नाही, ओढे भरतात, रोप लावणीला सगळं घर शेतात असतं. ऑक्टोबर-नोव्हेंबर भाताच्या सुगीचा. काजूचा हंगाम मार्चपासून. राहतात डिसेंबर ते फेब्रुवारी. वेळ संध्याकाळी, गुरं परतून धारा काढून झाल्यावर. गवळीवाड्यावर सकाळी अकराची सभा ठेवली तर समोर म्हातारी माणसं आणि पोरंच बसतील. गोव्याला किंवा बेळगावला कामाला गेलेली तरणी मंडळी शिमग्याला आणि गणपतीला गावात असतात. त्यांना एकदा विचारून ठेवा, कारण पुढे फ्रिज आणि गिरणी आणणारे तेच.

जागा लोकांची ठरलेली असावी: देवळाचा मंडप, मांड, शाळेची पडवी. वन खात्याच्या रेंज ऑफिसच्या आवारात सभा घेतली की अतिक्रमणाची नोटीस मिळालेला माणूस येतच नाही, आला तर तोंड उघडत नाही.

भाषेचा मुद्दा सीमाभागात लगेच पेटतो, म्हणून तो कामापुरता ठेवा. भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या केंद्रीय तरतुदींनुसार ज्या भागात १५ टक्के किंवा अधिक लोक एखादी अल्पसंख्य भाषा बोलतात, तिथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही द्यायच्या असतात. लेखी अर्ज करून मराठी नोटीस मागा. पंचायतीची कार्यवाही वही कन्नडमध्येच असते आणि हेस्कॉमकडे तीच प्रत चालते. म्हणून कन्नड ठराव सभेतच मराठीत मोठ्याने वाचून घ्या, मराठी प्रतीवर त्याच वेळी सह्या घ्या आणि कन्नड ठरावात ‘सोबत मराठी प्रत जोडली आहे’ हे वाक्य टाका.

मराठीतही मराठी असते. सिद्दींची बोली कोकणी मिसळलेली, गवळ्यांची आणखी वेगळी. ‘आगामी दशकातील अपेक्षित विद्युत भार’ असं विचारलंत तर माना डोलतील आणि कागद कोरा राहील. ‘पुढं घरात काय काय घ्यायचं म्हणताय?’ असं विचारा, यादी आपोआप येते.

सभेत नेमका कोणता आकडा काढायचा?

संध्याकाळी सातच्या सुमाराला सगळं एकदम चालू असताना वाडी किती वीज ओढेल, तो. महिन्याच्या युनिटवरून टीसीचा आकार ठरत नाही.

६० घरांची वाडी धरा. दहा वर्षांनी घरटी ५०० वॉट: दिवे, दोन पंखे, टीव्ही, मिक्सर, कुठे फ्रिज. बेरीज ३० किलोवॉट. सगळं एकाच क्षणी चालू नसतं, म्हणून ०.६ ने गुणा: १८ किलोवॉट. साडेसात एचपीची पिठाची गिरणी ५.६ किलोवॉटची. एकूण २३.६. पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा भाग) ०.८५ धरला तर जवळपास २८ केव्हीए; टीसीचा आकार याच केव्हीएत मोजतात. म्हणजे २५ केव्हीएची टीसी तोवर अपुरी पडणार आणि ६३ ची मागायला हवी. गिरणीची मोटर सुरू होताना काही क्षण कितीतरी पट करंट ओढते, ते या हिशेबाच्या वर.

घरं मोजताना हमखास तीन चुका होतात. पंचायतीचा घर नंबर नसलेली घरं सुटतात. एका छपराखाली तीन चुली असतील तर एक घर धरलं जातं. आणि गणपतीत माणसं दुप्पट होतात हे कोणी लिहीत नाही. चुली मोजा. गवळीवाड्यावर आणखी एक प्रश्न विचारा: दूध थंड ठेवायची सोय झाली तर डेअरीच्या गाडीची वेळ बदलेल का? उत्तर हो असेल तर कूलरचा भार धरा आणि थ्री फेज मागा. नुसत्या दिव्यांच्या हिशेबाने आलेल्या सिंगल फेजवर तो चालणार नाही.

लाईन आली, पण बल्ब मिणमिणतो आणि मिक्सर फिरत नाही. असं का?

टीसी लांब आहे म्हणून. २३० व्होल्टला साधारण सहा टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे शेवटच्या घरात निदान २१६ मिळायला हवेत. एलटी, म्हणजे टीसीपासून घरापर्यंतच्या कमी दाबाच्या, लाईनची ‘वीझल’ तार किलोमीटरला सुमारे ०.९१ ओहम रोध देते. जाणारी आणि येणारी मिळून १.८२. टोकाच्या दहा-बारा घरांनी १५ अँपिअर ओढले तर एका किलोमीटरला २७ व्होल्ट गळतात आणि २०३ उरतात. वाडी दोन किलोमीटरवर असेल तर उरतात १७५. लाईनमनची यात चूक नाही, दुपारी तो मोजतो तेव्हा भार नसल्याने २२५ दिसतातच.

तक्रार करायची तर मल्टिमीटर घेऊन शेवटच्या घरात जा. संध्याकाळी सात, साडेसात, आठ अशा तीन वेळा, सात दिवस मोजा आणि तारीख-वेळ-व्होल्ट एका कागदावर लिहा. तो कागद ठरावाला जोडा. ‘व्होल्टेज कमी आहे’ या वाक्यापेक्षा एकवीस आकड्यांना जास्त वजन आहे. उपाय जाड तारेचा नाही. ‘रॅबिट’ घातली तरी किलोमीटरला १६ व्होल्ट जातातच. ११ केव्ही, म्हणजे जास्त दाबाची, लाईन वाडीच्या तोंडाशी आणून तिथेच छोटी टीसी बसवणं हाच उपाय, आणि आराखड्यात मागायचंही तेच.

मग ११ केव्ही जंगलातून आणायची कशी? वन खातं अडवतं.

वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) ची मर्यादा एक हेक्टर. ११ केव्ही उघड्या तारेच्या लाईनला वन खात्याच्या निकषात सात मीटर रुंद पट्टा लागतो. दहा हजार चौरस मीटरला सातने भागा: १,४२८ मीटर. म्हणजे सुमारे १.४ किलोमीटरपर्यंत काम या कलमात बसतं. तीन किलोमीटर लाईनला २.१ हेक्टर लागतं, मग वनसंरक्षण कायद्याची लांब वाट.

म्हणून प्रस्ताव करण्याआधी वाट बघा. आहे त्या रस्त्याच्या कडेने जमिनीखालून केबल नेली आणि चर एक मीटर रुंद धरला, तर तेच तीन किलोमीटर ०.३ हेक्टरमध्ये बसतं. झाडंही मग २२ पर्यंतच तोडता येतात, सहसा एकही लागत नाही. खर्च जास्त येतो हे खरं. पण पावसाळ्यात वाशाएवढी फांदी उघड्या तारेवर पडून आठ-आठ दिवस करंट नसतो, त्याचाही खर्च कोणीतरी मांडावा. हत्ती आणि गवे असलेल्या भागात लोंबलेल्या तारेचा धोकाही केबलमुळे टळतो.

अर्ज ‘नमुना अ’ मध्ये, ग्रामसभेचा ठराव जोडून, वनक्षेत्रपालाकडे. तो जागा पाहतो, निर्णय विभागीय वनाधिकारी घेतात, त्यांचा नकार असेल तर प्रकरण जिल्हास्तरीय समितीकडे जातं. भीमगड अभयारण्यात, म्हणजे डिसेंबर २०११ मध्ये जाहीर झालेल्या १९० चौरस किलोमीटरमध्ये, एवढ्याने भागत नाही. कलम ३(२) वनसंरक्षण कायदा बाजूला ठेवतं. वन्यजीव कायदा १९७२ चा त्यात उल्लेख नाही, त्यामुळे ती परवानगी वेगळी मागावी लागते. दोन्ही अर्ज एकाच दिवशी द्या, एकामागून एक नको.

सोलर दिला की प्रश्न मिटला नाही का?

उन्हाळ्यात मिटतो. एका घराचा रोजचा हिशेब: सात वॉटचे तीन दिवे पाच तास १०५, पंचवीस वॉटचा बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा आठ तास २००, टीव्ही तीन तास ९०, मोबाइल २०. एकूण ४१५ वॉट-तास. एप्रिलमध्ये पाच तासांचं पूर्ण ऊन आणि वाटेतली गळती धरून १३० वॉटचं पॅनेल पुरतं. कणकुंबीच्या जुलैत दीड तासाचं ऊन धरलं तर सुमारे ४२५ वॉटचं लागतं. वाटलेले संच बहुधा पहिल्या हिशेबाचे असतात. जुलैत बॅटरी रोज तळाला जाते आणि वर्ष-दीड वर्षात मरते. लोक म्हणतात सोलर खोटा.

दोन दिवस ढग धरून बॅटरी १२ व्होल्टची: ट्यूब्युलर असेल तर १५० एएच, लिथियम फॉस्फेट असेल तर १०० एएच. सभेत विचारायचे प्रश्न असे. पाच वर्षांनी बॅटरीचे पैसे कोण देणार? डिस्टिल्ड वॉटर कोण आणणार? पॅनेलवर झाडाची सावली पडते तर फांदी तोडायची परवानगी कोणाची? आणि सर्वांत महत्त्वाचा: सोलर घेतला म्हणून वाडी ‘वीज पोहोचली’ या यादीत जाणार का? जाणार असेल, तर सोलर हा लाईन येईपर्यंतचा पर्याय आहे असं ठरावात लिहूनच संच घ्या.

टॉवर लाईन आमच्या शेतावरून जाणार आहे. काय मागायचं?

पहिला प्रश्न भरपाईचा नको, वाटेचा विचारा: जुन्या लाईनचा पट्टा जवळ आहे का? धारवाडजवळच्या नरेंद्रपासून गोव्यातल्या शेल्डेपर्यंतच्या ४०० केव्ही लाईनबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने २०२१ मध्ये हेच म्हटलं होतं: नवा पट्टा तोडू नका, आहे त्या २२० केव्ही लाईनच्या पट्ट्याचा वापर करा. हा दाखला वापरा.

४०० केव्हीला ४६ मीटर पट्टा लागतो. शंभर मीटर लांब शेतात ४,६०० चौरस मीटर, म्हणजे ४५ गुंठे. केंद्राच्या जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरच्या पायाखालच्या जमिनीला किमतीच्या २०० टक्के आणि पट्ट्याला ३० टक्के सांगितले आहेत. राज्याचा लागू आदेश कोणता, ते जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी विचारा. पीक आणि झाडं यांचं वेगळं.

अडचण पहाणी उतारा (कर्नाटकातला सातबारा) नसलेल्यांची. वनजमीन कसणाऱ्याच्या नावावर काहीच नसेल तर सर्व्हेवाले त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत. त्याने आधी वनहक्काचा दावा दाखल करून पोच घ्यावी. दावा प्रलंबित आहे एवढं कागदावर असलं तरी बोलायला जागा मिळते.

गावाच्या स्थलांतराची चर्चा चालू आहे. मग वीज मागावी का?

मागावी. ‘उठणारच आहात, वीज कशाला’ हे उत्तर कायद्यात कुठेही नाही. वनहक्क कायद्याच्या कलम ४(२) प्रमाणे अतिमहत्त्वाच्या वन्यजीव अधिवासातून हलवायचं तर आधी हक्क मान्य व्हायला हवेत, ग्रामसभेची लेखी, मुक्त, माहितीपूर्ण संमती हवी आणि नव्या जागी सोयी पूर्ण झाल्याशिवाय कोणाला उठवता येत नाही. अंधारात ठेवून मिळवलेल्या होकाराला मुक्त म्हणता येणार नाही. जायचं ठरवलेल्यांनीही नव्या जागेच्या विजेची मागणी खांब, टीसी, केव्हीए अशा भाषेत लिहून घ्यावी. सुपा धरणात गाव गेल्यावर रामनगरला आलेल्यांची म्हातारी माणसं अजून आहेत. सभेआधी त्यांच्याकडे अर्धा दिवस बसून या.

बायका सभेत बोलत नाहीत.

आदल्या दिवशी विहिरीवर किंवा अंगणवाडीत वेगळं बसा. तिथे ठरलेली यादी सभेत त्यांच्यापैकीच एकीने वाचावी. गिरणी कुठे हवी, रात्री दिवा कोणत्या वाटेवर हवा, हे पुरुषांच्या यादीत क्वचितच येतं.

ठराव कसा लिहायचा?

‘आमच्या गावाला वीज द्यावी ही विनंती’ एवढाच ठराव फायलीत मरतो. हा नमुना बघा:

‘दिनांक … रोजी … वाडीच्या ग्रामसभेत एकूण … पैकी … सभासद हजर, त्यात … महिला. माहिती मराठीत देण्यात आली, नकाशा भिंतीवर लावून दाखवला. चुली ६०. दहा वर्षांनी संध्याकाळचा भार २८ केव्हीए. मागणी: ६३ केव्हीए टीसी, थ्री फेज, शाळेजवळ. ११ केव्ही रस्त्याकडेने जमिनीखालून, लांबी … मीटर. देवराईतून लाईन नको. … सभासदांची हरकत अशी आहे: … . याचे लेखी उत्तर ६० दिवसांत मिळावे.’

हरकत लिहायला लाजू नका. शंभर टक्के एकमत दाखवणाऱ्या ठरावावर कोणाचाच विश्वास बसत नाही. देवराई, स्मशान, गुरांची वाट आणि मधाची झाडं नकाशावर आधी खुणा करून ठेवा. सर्व्हेवाला जंगलात सरळ रेघ मारतो, त्याला ती ठिकाणं दिसत नाहीत.

नियामक आयोगापुढे साध्या माणसाला बोलता येतं का?

येतं. दर याचिका साधारण नोव्हेंबरअखेर दाखल होते, मग वर्तमानपत्रात जाहिरात येते आणि हरकतींना मुदत मिळते. जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे हरकत प्रतिज्ञापत्रासह पाठवा आणि ‘प्रत्यक्ष बोलायचं आहे’ असं लिहा. वकील लागत नाही. दोनच मुद्दे न्या: व्होल्टेजचा कागद आणि ग्रामसभेचा ठराव. हेस्कॉमला तुमच्या हरकतीला लेखी उत्तर द्यावं लागतं, आणि त्या उत्तरात दिलेलं आश्वासन पुढच्या तीन वर्षांच्या आदेशात शोधता येतं.

राज्य सरकारच्या गृहज्योती योजनेत वीज फुकट आहे, मग एवढा खटाटोप कशाला?

ती सवलत बिलावर आहे, २०० युनिटपर्यंत, २०२२-२३ च्या सरासरी वापरावरून काढलेली. जिथे तारच नाही तिथे बिलही नाही.

सगळं केलं, उत्तरच आलं नाही. पुढे?

घरगुती जोडणीचा अर्ज प्रत्येक घराने वेगळा द्यावा, पोच घ्यावी. वीज कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे अर्ज आल्यावर वीज देणं हे वितरण कंपनीचं कर्तव्य आहे. फेब्रुवारी २०२४ च्या ग्राहक हक्क नियमांत ग्रामीण भागाला १५ दिवस आणि डोंगराळ ग्रामीण भागाला ३० दिवस दिले आहेत. नवी लाईन ओढावी लागत असेल तर मुदत वाढते, पण ती किती हे लेखी कळवायला लावा. तक्रार आधी हेस्कॉमच्या १९१२ या फोन नंबरवर नोंदवून तक्रार नंबर घ्या, मग सेक्शन ऑफिस, मग उपविभागाचे एईई (सहायक कार्यकारी अभियंता). तिथे दाद लागली नाही तर कलम ४२(५) खालचा ग्राहक गाऱ्हाणी निवारण मंच आणि त्यानंतर बेंगळुरूचे विद्युत लोकपाल. मंचाकडे जाताना १९१२ वरचा तक्रार नंबर, अर्जाची पोच आणि ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल, या तिन्हींच्या दोन-दोन झेरॉक्स सोबत ठेवा. एक संच तिथेच ठेवून घेतात.